चौऱ्याहत्तर कप

बाबूराव गेल्याची बातमी मला लोणावळ्याच्या मालधक्क्यावर मिळाली. सकाळच्या गाडीतून उतरलेली पोती मी मोजून घेत होतो आणि एकोणतीसपर्यंत आलो होतो. इंदुरीचा एक शेतकरी आपले बटाटे घेऊन आला होता. त्याने मला ओळखले, जवळ आला आणि डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "तुमचं मास्तर गेलं. काल दुपारच्याला." मी तिसाव्या पोत्यावर हात ठेवून तसाच उभा राहिलो. पुढची मोजणी हमालाने केली आणि ती एका पोत्याने चुकली. ही चूक दुसऱ्या दिवशी निस्तरली. पण माझ्या हातून आयुष्यात एक मोठी चूक झालेली आहे, आणि ती बाबूरावांनी स्वतःच्या नावावर घेतली. ते असेपर्यंत ती कुणाला सांगायची नाही असा त्यांचा हट्ट होता. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. हट्ट धरणारा राहिला नाही, म्हणून ती येथे लिहितो. रेल्वेच्या साहेबांच्या वाचनात आली तर जो काय जबाब द्यायचा तो मी देईन.

बाबूराव मूळचे इंदुरीचे, घर शेतकऱ्याचे. नदीकाठची चार एकर जमीन थोरल्या भावाने सांभाळली आणि धाकट्याला पुण्यात शिकवले. शिकून ते एका संस्थेत लागले. ही संस्था खेड्यापाड्यांतून चौकशी करायची. लोक काय खातात, बाजारातून काय आणतात, घरात भांडी किती, मुले शाळेत का जात नाहीत आणि गेली तर दुसरीतून का निघतात, असे सगळे प्रश्न एका छापील पत्रकावर असत. घरोघर जाऊन एकेका घराचे एकेक पत्रक भरायचे आणि शेवटी सगळ्यांची कोष्टके करायची. लढाईच्या आधीची ही गोष्ट. त्या वेळी आमच्याकडे हा प्रकार कुणाला ठाऊक नव्हता. घरात येऊन भांडी मोजणारा माणूस म्हणजे जप्तीचा, असाच समज असे. बाबूराव दारात उभे राहून पहिले वाक्य म्हणत, "मी काही न्यायला आलो नाही, विचारायला आलोय." त्यावर एका म्हातारीने त्यांना सुनावले होते, "इचारून इचारूनच नेत्यात रं बाबा."

माझी-त्यांची ओळख धक्क्यावरच झाली. लोणावळ्याहून आतल्या गावांना साखरेची पोती किती जातात आणि घासलेटचे डबे किती, हे त्यांना हवे होते. मी मागल्या तीन महिन्यांचे आकडे तोंडपाठ सांगितले. त्यांनी ते टिपून घेतले आणि नंतर वहीवरून ताडून पाहिले. सगळे बरोबर निघाले. ते वही मिटून म्हणाले, "गोविंदराव, तुम्ही माझ्याबरोबर आठ दिवस येता का?" संस्थेकडून रोजाचे थोडे पैसे मिळणार होते. माझ्या घरात चार मुले आणि एक पगार. मी येतो म्हणालो. पण रेल्वेतल्या माणसाला बाहेरचे काम करायची मनाई होती, म्हणून मी आजारी असल्याची रजा टाकली. खोटा अर्ज मी तेवढा एकच केला. त्यावर सही करताना माझा हात असा काही थरथरला की साहेबाला तो आजार खरा वाटला.

ज्या गावाला आम्ही गेलो त्याचे नाव लिहीत नाही. नाव फोडायचे नाही असा शब्द आम्ही दारोदार दिला होता. टाकवे बुद्रुकच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, एवढे सांगितले तरी पुरे. गाव त्रेचाळीस घरांचे. भात निघून गेले होते, खाचरे कोरडी होती आणि लोकांना बोलायला सवड होती. गावाला शाळा हवी होती. लोकल बोर्डाने म्हटले होते, खोलीचा निम्मा खर्च आम्ही देऊ. पण गावाची ऐपत आहे असे दिसले तर सगळा खर्च गावाने करावा. ती ऐपत ठरायची होती आमच्या पत्रकांवरून. म्हणजे आम्ही काय लिहितो त्यावर त्या गावातली मुले शिकणार की नाही, हे अवलंबून होते. बाबूरावांनी पहिल्याच दिवशी मला हे दोनदा बजावले. मी त्यांना सांगितले, आकड्याची काळजी तुम्ही करू नका.

गावातल्या जाणत्या माणसाला सगळे आबा म्हणत. ते आमच्याबरोबर घरोघर फिरले. उंच, वाळकेसे, मिशा पांढऱ्या, आणि कुठल्या घरातून कुठल्या घरी जायचे ते त्यांनीच ठरवायचे. प्रत्येक घरी तीच रीत. घोंगडी अंथरलेली, तांब्या भरलेला. अर्धा तास सवाल-जबाब व्हायचे आणि पत्रक संपत आले की आतून चहा यायचा. दोन कप, दोन बशा, काठाला निळी रेघ. घरचा माणूस स्वतः घ्यायचा नाही, "आमचं झालं" म्हणायचा. पत्रकात प्रश्न होता, बाजारातून चहा-साखर आणता काय. माझ्या हातात वाफाळता कप असायचा, आणि समोरचा माणूस शांतपणे सांगायचा, "न्हाई, आमच्यात च्या न्हाई पीत कुनी." बाबूराव निमूट 'नाही' लिहायचे. दुसऱ्या दिवशी मला राहवेना. वाटेत मी म्हणालो, हा माणूस डोळ्यांदेखत खोटे बोलतो आणि तुम्ही ते लिहून घेता? ते म्हणाले, "त्याने सांगितले ते लिहायचे. का सांगितले ते आपल्याला अजून ठाऊक नाही." मला ते पटले नाही. भांड्यांचा रकाना माझ्याकडे होता. त्यात मी तांब्या, परात, तवा यांच्या खाली प्रत्येक घरी लिहीत गेलो... कप दोन, बशा दोन.

आता आठवले की हसू येते, इतक्या खुणा आमच्या समोर होत्या. तिसऱ्या दिवशी बाबूरावांचे पोट बिघडले. दिवसाला सहा-सहा, सात-सात कप चहा त्यांना झेपेना. ते म्हणाले, काम लवकर आटपू, मी या आळीला जातो आणि गोविंदराव त्या आळीला जातील. आबा एकदम कावरेबावरे झाले. "न्हाई साहेब, तसं नगा करू. जोडीनंच यावं. गावाला बरं दिसत न्हाई." आम्हाला वाटले, गावची काही रीत असेल. सहाव्या दिवशी चहा अगोड लागला. मी तेही टिपून ठेवले होते: गोडी कमी. एका घरी तर चहा येईना म्हणून आम्ही पाऊण तास बसून राहिलो. आबा तीनदा परसात जाऊन आले. शेवटी कप आले तेव्हा त्यांतल्या एकाला कान नव्हता. पुढच्या घरीही एका कपाला कान नव्हता. मी मनात म्हटले, या गावात कप कसे धरावेत हे कुणाला कळत नाही.

सहा घरे गावकुसाबाहेर होती. तिथे चहा आला नाही. तिथल्या लोकांनीही आम्ही चहा पीत नाही असेच सांगितले, आणि त्यांच्या घरात कप नव्हते. बाबूरावांनी तिथे पाणी मागून घेतले आणि ते प्यायले. आबा तेव्हा बांधावर उभे राहून दुसरीकडे पाहत होते. संध्याकाळी मी निकाल दिला की त्रेचाळीस घरांत खरे बोलणारी सहाच.

आम्ही परत आलो आणि बाबूराव पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. कोष्टके पुरी करायचे माझ्यावर आले. रजेचे दोन दिवस उरले होते. मी पत्रके मांडून बसलो आणि सदतीस घरांचे 'नाही' माझ्यासमोर आले. मी डोळ्यांनी पाहिलेले एक आणि कागदावर दुसरे. मला चुकीचा आकडा दिसला की दाताखाली खडा आल्यासारखे होते. मी सदतीस ठिकाणी 'नाही' खोडून 'होय' केले. माणशी किती घोट जात असतील त्याचा अंदाज करून आठवड्याची चहापत्ती काढली, साखर काढली. भांड्यांच्या कोष्टकात खाली बेरीज आली: कप चौऱ्याहत्तर, बशा चौऱ्याहत्तर. बाबूरावांनी पडल्या पडल्याच सही केली. मी म्हटले, एकदा पाहून घ्या. ते म्हणाले, "तुमच्या बेरजेवर मी पुन्हा बेरीज करत नाही." हे वाक्य मला पुढे फार वर्षे टोचले.

पुण्यात संस्थेच्या प्रमुखांना आमचा अहवाल भारी आवडला. डोंगराच्या कुशीतल्या गावातही घरोघर चहा पोचला, हे त्यांना मोठेच नवल वाटले. त्यांनी खाली आपले मत जोडले, की ज्या गावाला चहा-साखर परवडते त्याला शाळेची खोलीही परवडेल. अहवाल बोर्डाकडे गेला. बाबूरावांची जागा तेव्हा तात्पुरती होती. ती कायम करू असे प्रमुखांनी बोलून दाखवले. बाबूरावांनी मला तसे पत्र लिहिले, आणि माझ्या बायकोने त्या दिवशी शिरा केला.

बोर्डाच्या सभेला दोन दिवस उरले असताना मी वर्षाचा तांदूळ घ्यायला टाकव्याला गेलो. तिथे हुसेनभाईंचे दुकान. तेल, मीठ, गूळ, काचसामान, सगळे एकाच छपराखाली. मी मागे चौकशीला आलो होतो हे ऐकताच ते गादीवरून उठले, आतून एक कप घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला. निळ्या रेघेचा, बिनकानाचा.

"ह्याचं काय करायचं सांगा. दोन कप नेले आबांनी, बशांसकट, वापरून देतो म्हणून. एकाचा कान तोडून आणला."

मी विचारले, "कशाला नेले होते?"

"तुमच्यासाठीच की. पुण्याचे साहेब येणार, त्यांना काय गुळाचं पाणी द्यायचं? गावानं पट्टी काढली, माझ्याकडनं पत्तीच्या पुड्या अन् साखर नेली. तुम्ही ह्या घरी बसलात की कप परसातनं पुढच्या घरी. पोरींची पळून पळून दमछाक झाली म्हणे." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. "का हो? चहा बरा नव्हता का?"

मी तांदूळ घेतलाच नाही. कामशेतला येऊन गाडी धरली, तळेगावला उतरलो आणि तिथून इंदुरीपर्यंत चालत गेलो. बाबूराव ओसरीवर बसले होते, आता हिंडूफिरू लागले होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. कुणीही खोटे बोलले नव्हते. चहा कुणाकडेच नव्हता. दोन कप होते आणि तेही दुकानदाराचे. खोटे लिहिले होते मी. ऐकता ऐकता बाबूराव हसायला लागले, आणि असे हसले की त्यांची बायको, आमच्या वहिनी, काय झाले म्हणून हात पुसत बाहेर आल्या. "अगं, दोन कप सदतीस घरे हिंडले आणि यांनी चौऱ्याहत्तर मोजले," एवढे बोलून ते पुन्हा हसू लागले. मग डोळे पुसले.

"सभा परवा," ते म्हणाले.

मी म्हटले, मी येतो आणि चूक माझी म्हणून सांगतो.

"तुम्ही तर आजारी होता. आजारी माणसाने सदतीस घरी चहा कसा घेतला, हे रेल्वेला काय सांगाल? चार मुले आहेत तुमची, गोविंदराव. मोजलीत ना?"

सभा वडगावला होती. मी गेलो आणि मागे भिंतीशी बसलो. माझ्या दोन माणसे पलीकडे आबा बसले होते, धुतलेले पागोटे घालून. बाबूराव उभे राहिले आणि त्यांनी आपलीच फजिती रंगवून सांगितली. एका घरून दुसऱ्या घरी जाणारे कप, अगोड होत गेलेला चहा, पाऊण तासाची वाट पाहणे... सगळे सांगितले, पण असे, की हसू यायचे ते पत्रक भरणाऱ्याचे, गावाचे नाही. सहा घरी कप का पोचले नव्हते, तेही त्यांनी सांगितले. तिथे सभेत कुणी हसले नाही. शेवटी म्हणाले, "गावाने खरे सांगितले होते. खोडून खोटे लिहिले ते पत्रक भरणाऱ्याने. पत्रके माझी, सही माझी." एका सभासदाने विचारले, सदतीस वेळा तोच कप हातात आला तरी तुम्हाला ओळखू आला नाही? बाबूराव म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात बसून त्याचा खोटेपणा शोधत होतो साहेब. हातात काय आहे तिकडे कोण बघतो?" हे वाक्य ते बोलले, पण वर्णन माझे होते. मी भिंतीशी बसून राहिलो आणि माझे तोंड उघडले नाही. ते मी आजही मोजतो.

निम्मा खर्च बोर्डाने द्यायचा ठराव झाला. गावाने दगडमाती आणि अंगमेहनत द्यायची. पावसाळ्याआधी खोली उभी राहिली, आणि त्या सहा घरांतली मुलेही त्याच खोलीत बसतील हे बाबूरावांनी ठरावात लिहून घेतले होते. ती मुले प्रत्यक्ष बसायला मात्र दोन वर्षे लागली. सभेहून बाहेर पडताना आबांनी आम्हाला गाठले. मला वाटले आता आभार मानतील. ते म्हणाले, "साहेब, साऱ्या तालुक्याला कळलं की आमच्यात कप न्हाईत."

"शाळा मिळाली ना आबा?"

"व्हय. त्ये बेस झालं. पर पुढच्या बारीला सांगून या. आमी कप घिऊन ठिवतो."

बाबूरावांची जागा कायम झाली नाही. प्रमुख सज्जन होते, रागावले नाहीत. पण ज्याची पत्रके एकदा सभेत मागे घ्यावी लागली, त्याला पुढच्या कामाला कसे नेमणार? मुदत संपली आणि पत्र आले नाही. बाबूराव इंदुरीच्या शाळेत मास्तर झाले आणि शेवटपर्यंत मास्तरच राहिले. पगार निम्म्याहून कमी. मी दोनदा त्यांच्यापुढे विषय काढला. पहिल्या वेळी ते म्हणाले, पुण्याचे पाणी मला मानवतच नव्हते. दुसऱ्या वेळी नुसते हसले. त्यांचे हसणे मोठे मोकळे असे. पण लोक पाहुण्यासमोर कसे वागतात हे मी त्या गावात शिकलो होतो. त्यांचे हसणेही माझ्यापुरतेच बाहेर काढलेले नसेल कशावरून? मी परत फिरल्यावर ते ओसरीवर काय तोंड करून बसत असतील, हा प्रश्न घेऊन मी कितीदा तरी तळेगावपर्यंतची वाट चाललो आहे.

पण चौकशीचे वेड त्यांचे गेले नाही. संस्था नव्हती, छापील पत्रके नव्हती, तरी रविवारी ते निघायचे आणि मला निरोप पाठवायचे. बेडसे गावात त्यांनी मुले शाळा का सोडतात याची चौकशी स्वतःच्या खर्चाने केली. मी आता फक्त सुट्टीच्या दिवशी आणि खऱ्या कारणाने जायचो. त्या पत्रकाला त्यांनी हाताने रेघ मारून शेवटी एक रकाना वाढवला होता. डोक्यावर लिहिले होते, 'आमच्यामुळे'. आपण गेलो म्हणून त्या घरात जे जे बदलले ते त्यात टिपायचे. अंगण सारवले. पोराला सदरा घातला. सून बोलत होती ती गप्प झाली. हा रकाना भरलेला असेल तोवर बाकीचे रकाने ते रिकामे ठेवायचे. पुन्हा जायचे, उगाच बसायचे, पावसापाण्याचे बोलायचे आणि निघायचे. एका घरी आम्ही चार खेपा गेलो. चौथ्या खेपेला अंगणात शेण तसेच पडले होते, सासू-सुनेचे कडकडून भांडण चालू होते आणि आमच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. बाबूराव खुशीत माझ्या कानाशी म्हणाले, "चला, आता विचारू."

लोणावळ्याच्या बाजारात त्यांनी एका गूळदाणीवाल्यावर, म्हणजे चिक्कीवाल्यावरही प्रयोग केला. गिऱ्हाईक चव बघून जास्त घेते की न बघता, हे त्यांना मोजायचे होते. मी समोरच्या बाकावर बसून गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखा मोजत होतो. दोन रविवार मोजले. तिसऱ्या रविवारी दुकानदार आपल्या गड्याला मोठ्याने म्हणाला, "ते बाकावरचे गृहस्थ आले की सगळ्यांना चव द्यायची रे, ते मोजतात." बाबूरावांनी तिन्ही रविवारचे कागद फाडून टाकले आणि त्याच दुकानातून पावशेर गूळदाणी घेतली. "आपण दोघेही पकडले जाणारच," ते म्हणाले. "कारण तुमचे ओठ हलतात मोजताना."

गेल्या हिवाळ्यात त्यांचा दमा वाढला. मी एक रविवार आड जाऊन येत असे. पाच आठवड्यांपूर्वी ते गेले. दिवसकार्य आटोपले, पाहुणे पांगले, मग एका रविवारी मी पुन्हा इंदुरीला गेलो. वहिनींनी मला आतल्या खोलीत बसवले आणि उशीखाली सापडला म्हणून एक कागद हातात दिला. बाबूरावांचे बारीक अक्षर, फूटपट्टीने मारलेल्या रेघा. भेटीला आलेल्या माणसांचे पत्रक होते ते. नावे नव्हतीच, नाव न लिहिण्याची त्यांची जुनी शिस्त. अनुक्रमांक, वार, नाते, आणि शेवटचा रकाना: 'त्यांच्यामुळे'.

मी वाचू लागलो. शाळेचे वरिष्ठ: उठून बसलो, टोपी घातली. डॉक्टर: झोप लागते असे सांगितले. पुतण्या: खोकला दाबला. जुना विद्यार्थी: बरा आहे म्हणालो, दोनदा. घरातील: भाकरी पूर्ण खाल्ली. ही शेवटची नोंद दर दिवसाला एक अशी खाली उतरत गेली होती.

वहिनींना वाचता येत होते. लग्नानंतर त्यांना बाबूरावांनीच शिकवले होते. त्या म्हणाल्या, "बघा की. मला वाटायचं भूक लागतेय. मी आपली रोज आनंदाने दुसरी भाकरी टाकतेय." त्या हसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

कागदावर मध्ये मध्ये एक नोंद होती, 'लोणावळ्याचे मित्र'. तिच्यापुढच्या रकान्यात काही लिहिलेले नव्हते, नुसते शून्य काढले होते. मी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिले. प्रत्येक वेळी शून्यच. मला आधी वाईट वाटले. इतक्या दुरून मी येत होतो आणि माझ्यामुळे काहीच नाही? ते मी वहिनींना बोललोही.

त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात की ते जसे पडलेले असायचे तसेच पडून राहायचे. खोकायचे, कण्हायचे, पाय पसरायचे. मला मेलीला लाज वाटायची. मी म्हणायची, अहो, गोविंदराव आलेत, जरा नीट तरी बसा. तर म्हणायचे, त्यांच्यासमोर कशाला?"

मी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या ओळी मोजल्या. नऊ भेटी, नऊ शून्ये. कागदाच्या तळाला रेघ मारून मी बेरीज मांडली. वरून खाली एकदा केली, खालून वर एकदा केली, दोन्ही वेळा तीच आली, आणि तपासणाऱ्याच्या जागी मी माझी सही केली.